खुब्यातलं पाणी आणि खुब्याबाहेरचा पू

ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातला सात वर्षांचा मुलगा दुपारी साडेचारला सांगलीत आमच्या एक्स-रे विभागात आला तो वडिलांच्या कडेवर. सात वर्षांचं पोरगं कडेवर म्हणजे दुखणं खरं आहे, एवढं त्याला तपासायच्या आधीच कळतं. हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोनच नावं होती आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. उजवा खुबा, सेप्टिक आर्थ्रायटिस? ट्रान्झियंट सायनोव्हायटिस?

पहिलं म्हणजे सांध्यात पू. दुसरं म्हणजे बऱ्याचदा सर्दी-खोकल्यानंतर लहान मुलांच्या खुब्याला येणारी तात्पुरती सूज. ती आयबुप्रोफेन आणि विश्रांतीवर आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाते. तीन ते दहा वयातल्या मुलांचा खुबा अचानक दुखू लागण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. एका आजारात आज रात्रीच सांधा उघडायचा, दुसऱ्यात मुलाला घरी पाठवायचं. आणि सुरुवातीला दोन्हीकडची मुलं दिसतात सारखीच. लंगडणारी, जांघेत दुखतं म्हणणारी, कधी तर नुसता गुडघा दाखवणारी, पाय किंचित वाकवून बाहेरच्या बाजूला वळवून निजलेली.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, या मुलाला दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

घरच्यांनी काय सांगितलं

चार दिवसांपूर्वी मुलानं बागेत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारली होती. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडायला लागला. घरच्यांना वाटलं लचक भरली असेल. आजीनं कोमट तेलानं मांडी चोळून दिली. तिसऱ्या दिवशी ताप आला. गावात पॅरासिटामॉल दिलं, ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. चौथ्या दिवशी मुलगा अंथरुणावरून उठेना, तेव्हा सांगलीला आणलं. उजव्या नडगीवर तारेचा एक जुना ओरखडा होता, खपली धरलेला. द्राक्षवेलींच्या मंडपाच्या तारांमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या पायांवर असे ओरखडे नेहमीच असतात, त्यामुळे त्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही.

वडिलांच्या मनात वेगळीच भीती होती. मुलाच्या आजोबांनी दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या टीबीचा कोर्स पूर्ण केला होता. "मॅडम, ते तर नव्हे ना?" एवढंच त्यांनी विचारलं, तेही आजोबांचं नाव न घेता.

आणि आजी म्हणाली, "बाई, चालतंय कसंबसं धरून धरून. पण परसाकडं बसवंना झालंय त्याला. खाली बसलं की वरडतंय."

आजीचं हे बोलणं मी त्या वेळी ऐकलं आणि सोडून दिलं. खुबा दुखत असेल तर उकिडवं बसता येणार नाहीच, असं वाटलं. त्याचा अर्थ दोन तासांनी पडद्यावर दिसला.

आकडे

ताप १०२ अंश. पांढऱ्या पेशी १५,४००. ईएसआर ५८, सीआरपी ९६ मिलिग्रॅम; अंगात दाह असला की रक्तातले हे दोन आकडे वाढतात. आधार दिला तर मुलगा चार-पाच पावलं टाकत होता.

अशा वेळी हाडांचे डॉक्टर कोचर यांचे निकष लावतात. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातून १९९९ मध्ये आलेले हे चार प्रश्न जगभर वापरले जातात. मूल पायावर भार देत नाही का, ताप ३८.५ सेल्सिअसच्या (१०१.३ फॅरनहाइटच्या) वर आहे का, ईएसआर ४० च्या वर आहे का, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर आहेत का. एकही लागू नसेल तर सांध्यात पू असण्याची शक्यता नगण्य. तीन लागू असतील तर मूळ अभ्यासात ती ९३ टक्के निघाली होती. त्याच डॉक्टरांनी २००४ मध्ये नव्या मुलांवर निकष पुन्हा ताडून पाहिले तेव्हा तीनला ती सुमारे ७३ टक्क्यांवर आली. पुढे २००६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी त्यात सीआरपीची भर घातली, २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोक्याचा.

आमच्या मुलाला चारपैकी तीन लागू होते, आणि सीआरपी धोक्याच्या रेषेच्या जवळजवळ पाचपट.

मला हे निकष आवडतात. रात्री दोन वाजता, थकलेल्या डोक्यानं, ते विचार करायला लावतात. पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतात हे विसरायला नको. हे निकष बांधले गेले ते पू की तात्पुरती सूज एवढ्याच दोन आजारांना वेगळं करण्यासाठी. तिसरा आजार त्यांच्या हिशेबात धरलेलाच नाही. तिसरा आजार झालेलं मूल या चार प्रश्नांसमोर उभं केलं, तर ते निमूट दोनांपैकी एका रांगेत जाऊन बसतं. ताप आहे, पेशी वाढल्या आहेत, म्हणजे पुवाच्या रांगेत.

सोनोग्राफीनं यात फार भर घातली नाही. उजव्या खुब्याच्या पुढच्या बाजूला हाड आणि सांध्याचं आवरण यांच्यात ६ मिलिमीटर अंतर, डावीकडे साडेतीन. पाच मिलिमीटरच्या वर किंवा दोन्ही बाजूंत दोनपेक्षा जास्त फरक असला की पाणी धरतात. म्हणजे पाणी होतं, थोडं. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून पू नाही आणि गढूळ दिसतंय म्हणून पूच आहे, असं सोनोग्राफी सांगू शकत नाही. मी "उजव्या खुब्यात थोडं पाणी" असं लिहिलं आणि तिथंच थांबले. सोनोग्राफीनं पाणी आहे एवढं कळतं, आजार कोणता ते कळत नाही.

घाई कशाची असते

ज्यांच्या घरात असं मूल कधी आलं नाही त्यांना वाटेल, एक रात्र थांबलं तर काय बिघडलं? खुब्याच्या बाबतीत बरंच बिघडतं. पुवातली विकरं (एन्झाइम) सांध्याच्या कूर्चेला खातात आणि एकदा गेलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही. शिवाय मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सांध्याच्या आवरणाच्या आतून, हाडाच्या मानेला चिकटून वर जातात. आत पुवाचा दाब वाढला की त्या चेपतात आणि गोळा रक्ताविना मरायला लागतो. लहान मुलांत आणखी एक अडचण असते. हाडाचा वाढता भाग, जिथं जंतू आधी घर करतात, तो खुब्यापुरता आवरणाच्या आतच येतो. त्यामुळे हाडातला पू फुटला की सरळ सांध्यात.

तान्ह्या बाळांतल्या अशा पुवाचं वर्णन लंडनच्या सर थॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये केलं होतं. आपल्याकडचे हाडांचे डॉक्टर अजून "टॉम स्मिथ" म्हणूनच त्याची नोंद करतात. मिरजेला वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे १८९४ पासून, वैद्यकीची मोठी परंपरा आहे आणि कर्नाटकातून, जतकडून, सोलापूरकडून माणसं आजही इथं येतात. त्या गर्दीत साठी ओलांडलेला एखादा गृहस्थ एका बाजूला झुकत, आखूड पायानं चालत येतो. कधीपासून असं विचारलं तर "लहानपणी ताप आलावता" म्हणतो. एक्स-रे काढला की गोळ्याच्या जागी हाडाचं नुसतं टोक दिसतं. असा एक्स-रे ज्यानं पाहिला आहे तो सर्जन वाट बघायला तयार नसतो, आणि ते बरोबरच आहे.

आमचे सर्जनही तयार नव्हते. फोनवर म्हणाले, "थिएटर सातला मोकळं होतंय. मी उघडतो."

एमआरआय का आणि कोणत्या अटीवर

मी त्यांना सातच्या आत एमआरआय करून देते म्हणाले. त्यांनी विचारलं, "त्यानं माझा निर्णय बदलेल का?" हा प्रश्न प्रत्येक तपासणीआधी विचारायला हवा आणि त्यांनी तो विचारला याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

मी असा हट्ट धरला त्यामागे काही वर्षांपूर्वीची एक चूक आहे, माझी स्वतःची. असंच एक मूल होतं, असाच ताप. एमआरआय मीच वाचला होता. चित्राची चौकट एकाच खुब्यापुरती, लहान ठेवली होती. खुबा ठळक दिसावा म्हणून. मी सांध्यातलं पाणी लिहिलं. सांधा उघडला गेला, आत काही नव्हतं. पाच दिवसांनी ताप उतरेना म्हणून पुन्हा तपासलं तेव्हा पोटामागच्या सोआस स्नायूत पू निघाला. पहिल्या चित्राच्या चौकटीच्या वर, चार बोटांवर. मूल बरं झालं, पण त्याच्या खुब्यावर एक व्रण राहिला ज्याची गरज नव्हती. तेव्हापासून मुलाच्या खुब्याचा एमआरआय म्हणजे कमरेच्या मणक्यांपासून अर्ध्या मांडीपर्यंत, दोन्ही बाजू एकत्र, असं मी तंत्रज्ञांना सांगून ठेवलं आहे. छोट्या चौकटीतली बारीक चित्रं त्यानंतर घ्यायची.

अट मात्र पक्की होती. मुलगा अंगानं खालावला, किंवा मशीन सकाळपर्यंत मिळणार नसेल, तर एमआरआयसाठी थांबायचं नाही. आधी सांध्यात सुई. एमआरआय ही थांबण्यासाठी सबब होता कामा नये. त्याच वेळी रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू उगवतात का ते पाहायचा नमुना, घेऊन झालं होतं, अँटिबायोटिक अजून दिलं नव्हतं.

मशीनच्या खोलीत एक गोष्ट घडली ती सांगते. मुलाच्या कमरेला काळा करदोटा होता आणि त्यात एक ताईत. नेमका खुब्याच्या वर. चांदी असती तर चुंबकानं ओढली नसती, पण ताइताची डबी कसली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. लोखंडाचा बारीक तुकडाही चित्राच्या त्या भागात मोठं काळं भोक पाडतो, आणि आम्हाला बघायचं होतं ते तिथंच. आजी करदोटा काढू देईना. तापलेल्या लेकराच्या अंगावरचं कसं काढायचं? तिचं म्हणणं मला समजत होतं. शेवटी तिनंच तो सोडला, पदराच्या टोकात बांधला आणि दाराबाहेर बसून राहिली. आईनं मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना सगळं उतरवून ठेवलं आणि ती मुलाच्या उशाशी आत थांबली. कानात बोळे, वरून हेडफोन. गुंगीचं औषध द्यावं लागलं नाही. आई हाताला धरून असली तर सात वर्षांचं मूल पस्तीस मिनिटं पडून राहू शकतं. धडधड सुरू झाली की घाबरू नये म्हणून मी त्याला आधीच सांगितलं होतं, "फवारणीच्या ब्लोअरसारखा आवाज येईल." तो म्हणाला, "आमचा मोठाय."

पडद्यावर काय दिसलं

पहिली मालिका स्टरची. यात चरबीची चमक दाबून टाकलेली असते, म्हणून जिथं पाणी किंवा सूज आहे ती जागा काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उठून दिसते. मोठ्या चौकटीत दोन्ही खुबे शेजारी शेजारी. उजव्या सांध्यात पाण्याची पातळ कड होती. पण डोळा तिथं ठरला नाही. त्याच्या खाली आणि आत, जघनाच्या हाडाच्या भोकाला दोन्ही बाजूंनी झाकणारे दोन स्नायू, बाहेरचा ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस आणि आतला ऑब्ट्युरेटर इंटर्नस, डाव्या बाजूच्या दीडपट फुगले होते. तंतूंच्या मधून पिसासारखी पांढरी सूज पसरली होती. बाहेरच्या स्नायूत एक गोलसर जागा, साधारण अडीच सेंटिमीटर, आजूबाजूपेक्षाही पांढरी.

मग डिफ्यूजन. पाण्याचे रेणू मोकळे फिरतात की अडकतात हे ही मालिका बघते. दाट पुवात ते अडकतात आणि ती जागा चमकते. स्नायूतली ती गोलसर जागा चमकली. सांध्यातलं पाणी चमकलं नाही.

मग गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून दिल्यावरची चित्रं, मूत्रपिंडाची तपासणी (क्रिएटिनिन) बघूनच. रक्त पोचतं तो भाग यात उजळतो. स्नायूतल्या त्या जागेभोवती जाड, खडबडीत कडी उजळली, मधला भाग काळाच राहिला. म्हणजे भिंतीला रक्त आहे, आत नाही. हा पू. आणि मी सगळ्यात आधी शोधत होते ते, मांडीच्या हाडाचा गोळा, दोन्हीकडे सारखाच उजळला होता. रक्तपुरवठा शाबूत. गोळ्यातला, मानेतला मगज (हाडाच्या आतला मऊ भाग) स्वच्छ. सांध्याचं अस्तर किंचित उजळलं होतं, शेजारी आग लागल्यावर भिंत तापावी तसं. सांध्यातलं पाणी हे त्या शेजारच्या आगीचं.

एक गोष्ट अडखळवणारी होती. खालच्या जघनास्थीत, स्नायूला लागून, मगजात थोडी सूज. या वयात, साधारण पाच ते दहाच्या दरम्यान, तिथली दोन हाडं एकमेकांना जुळत असतात आणि तो जोड एका बाजूला जास्त फुगलेला दिसणं हे निरोगी मुलातही घडतं. नव्यानं एमआरआय वाचणारे त्याला हाडाचा आजार किंवा गाठ समजून घाबरतात. इथं मात्र सूज जोडापुरती नव्हती, स्नायू जिथून हाडाला चिकटतो त्या रेषेवर पसरली होती. मी "हाडाला जंतूंची लागण सुरू झाल्याची शक्यता" असं लिहिलं. पुढे औषध किती दिवस द्यायचं ते या एका ओळीवर ठरलं.

जांघेतल्या मोठ्या शिरा मी मुद्दाम पाहिल्या. स्टॅफिलोकोकसच्या काही जाती अशा पुवाच्या शेजारच्या शिरेत रक्ताची गुठळी करतात आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. शिरा मोकळ्या होत्या.

आता आजीचं वाक्य. ऑब्ट्युरेटर इंटर्नस हा स्नायू ओटीपोटाच्या आतल्या भिंतीला अस्तरासारखा लागून असतो आणि गुदद्वाराला उचलून धरणारा स्नायू त्याच्याच पापुद्र्यावरून निघतो. उकिडवं बसलं, मांडी पोटाशी आली, की तो ताणला जातो. कुंथलं की आणखी. चालताना त्यावर तितका ताण येत नाही. म्हणून पोरगं पाच पावलं टाकत होतं आणि परसाकडं बसताना ओरडत होतं. सांध्यात खरा पू असता तर झोपल्या झोपल्या नुसता पाय हातानं लाटण्यासारखा हलवला तरी ते किंचाळलं असतं. सर्जननी ते करून पाहिलं होतं आणि त्यांच्या कागदावर "थोडं हलू देतो" असं लिहिलंही होतं. निदान आजीच्या बोलण्यात आणि त्या तीन शब्दांत आधीच होतं. आम्ही सगळे दोन नावांच्या चिठ्ठीकडे बघत होतो.

दुसरं काही असतं तर

वडिलांनी टीबीचं विचारलं होतं म्हणून त्याचं आधी. खुब्याचा टीबी चार दिवसांत येत नाही. आठवडे, महिने रेंगाळतो. मूल दिवसा खेळतं, रात्री झोपेत स्नायू सैलावले की किंचाळून उठतं. जुने डॉक्टर हे रात्रीचं रडणं आवर्जून विचारायचे आणि आपणही विचारायला हवं. एमआरआयमध्ये सांध्याचं अस्तर जाड होतं आणि पाणी उजळ दाखवणाऱ्या टी-टू चित्रांत पुवासारखं झगझगीत न दिसता बऱ्याचदा करडं, मंद दिसतं. पाण्यात कधी तांदळाच्या दाण्यांसारखे कण तरंगतात. हाडाच्या कडा कुरतडल्या जातात, पण सांध्यातली जागा बराच काळ टिकते, कारण टीबीच्या पुवात कूर्चा खाणारी ती विकरं जवळजवळ नसतात. गळू झालंच तर त्याची भिंत पातळ आणि गुळगुळीत. तरीही टीबीचा शिक्का एमआरआयवरून मारू नये, द्रव किंवा तुकडा काढून सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला पाठवलाच पाहिजे. सांध्याच्या टीबीचं औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं, ते अंदाजावर सुरू करायची गोष्ट नव्हे.

तात्पुरती सूज असती तर पाणी असतं, अस्तर थोडं उजळलं असतं, आणि हाडाचा मगज, भोवतालचे स्नायू शांत असते. गमतीची नव्हे, पण उपयोगाची खूण अशी की न दुखणाऱ्या बाजूच्या खुब्यातही अनेकदा थोडं पाणी सापडतं. एकच बाजू काढली तर ती खूण हातची जाते.

सांध्यातच पू असता तर शेजारच्या मगजात सूज शोधायची. कोचरचे निकष आले त्याच १९९९ साली कोरियातल्या डॉक्टरांनी हे तपासलं होतं. पुवाच्या नऊ मुलांपैकी आठ जणांच्या मगजात बदल होता, तात्पुरत्या सुजेच्या चौदापैकी एकाच्याही नाही. संख्या लहान आहे, पण पुढच्या अनुभवानं दिशा तीच दाखवली. त्याहून महत्त्वाचं, कॉन्ट्रास्ट दिल्यावर दुखऱ्या बाजूचा गोळा दुसऱ्या बाजूच्या तुलनेत कमी उजळतो. दाबानं रक्त अडल्याची ती खूण. ती दिसली की अहवाल टाइप करत बसायचं नाही, फोन उचलायचा.

पर्थेसच्या आजारात, म्हणजे जंतूंशिवायच गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो त्यात, गोळा उजळत नाही, पण मुलाला ताप नसतो, सीआरपी वाढलेला नसतो, आणि लंगडणं आठवड्यांचं असतं. संधिवाताच्या मुलांत सकाळचा ताठरपणा आणि बाकीच्या सांध्यांची हकिगत निदान आधीच सांगून जाते.

राहिला आपला तिसरा आजार, सांध्याभोवतीच्या स्नायूंतला पू, पायोमायोसायटिस. उष्ण प्रदेशातला आजार म्हणून पुस्तकात त्याला एक परिच्छेद मिळतो. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी खुब्यात पू असल्याच्या संशयानं आलेल्या मुलांच्या नोंदी काढल्या, तेव्हा स्नायूंतला पू सांध्यातल्या पुवाच्या दुप्पट सापडला. आपल्याकडे तो कमी असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. आपण त्याला सांध्यात शोधतो, म्हणून तो सापडत नाही.

सुई कुठून घातली

सहा पंचवीसला मी सर्जनना फोन केला. "सांधा उघडू नका. पू बाहेर आहे." ते खाली आले, पडद्यासमोर दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, "मानतो. पण सांध्यात सुई तरी घालूच." यावर मी वाद घातला नाही. एमआरआय कितीही स्पष्ट असला तरी सांध्यातल्या द्रवाची पेशीगणना त्याला करता येत नाही.

क्रम मात्र आम्ही ठरवून घेतला. आधी सांधा, मग गळू. आणि सांध्यासाठी सुई पुढून, जिथले स्नायू स्वच्छ होते तिथून. उलट केलं असतं, किंवा आतल्या बाजूनं सूज आलेल्या स्नायूंतून सांध्यात शिरलो असतो, तर बाहेरचे जंतू आपणच आत नेऊन सोडले असते. एवढी साधी गोष्ट, पण एमआरआय नसता तर कुठला मार्ग स्वच्छ आहे हे आम्हाला माहीत नसतं.

भूल दिल्यावर सोनोग्राफीखाली पुढून सुई घातली. सांध्यातून एक मिलीपेक्षा थोडा जास्त, गव्हाच्या काडाच्या रंगाचा, पातळ द्रव. पेशी २,८००. पू असता तर त्या बहुधा पन्नास हजारांच्या वर गेल्या असत्या. मग नवी सुई, नवे हातमोजे, मांडीच्या आतल्या बाजूनं. इथं सिरिंजचा दट्ट्या ओढताना बोटाला जोर लागला. दाट, पिवळसर, जेमतेम अडीच मिली पू. तेवढ्या पुवानं घरातल्या पाच माणसांची चार रात्रींची झोप घालवली होती.

रात्रीच प्रयोगशाळेतून निरोप आला, जंतू रंगवून पाहायच्या ग्रॅम तपासणीत निळे-जांभळे, झुपक्यांनी बसलेले गोल जंतू. स्टॅफिलोकोकस या नावातला "स्टॅफिल" म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षांचा घड. पुवात हे जंतू पाहणाऱ्या ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जननं १८८० च्या दशकात ते नाव दिलं. दुसऱ्या दिवशी मी वडिलांना सूक्ष्मदर्शकातून तो झुपका दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस आला, मेथिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकला दाद देणारा. सांध्यातल्या द्रवात काही उगवलं नाही. आजोबांच्या इतिहासामुळे दोन्ही नमुने सीबीनॅटला पाठवले होते, टीबी निघाला नाही. हा निकाल वडिलांना सांगितला तेव्हा त्यांनी पहिला फोन आजोबांना लावला. आपल्यामुळे नातवाला झालं, या विचारानं म्हातारा दोन दिवस जेवला नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते आम्ही पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं आणि त्यांच्याशी बोलायला हवं होतं.

सेफाझोलिन शिरेतून. तिसऱ्या दिवशी ताप गेला, सीआरपी ४१. सहाव्या दिवशी १४. मग तोंडावाटे सेफॅलेक्सिन आणि घर. नुसता स्नायूचा पू असता तर कोर्स कदाचित आधी थांबवता आला असता. हाडाच्या त्या ओळीमुळे एकूण चार आठवडे दिला.

सहा आठवड्यांनी मुलगा चालत आला. सर्जननी त्याला उकिडवं बसायला सांगितलं. बसला, उठला, पुन्हा बसला. ईएसआर १२. तीन महिन्यांनी एक्स-रे काढला, कारण गोळ्याच्या रक्तपुरवठ्याला धक्का बसला असेल तर तो दिसायला वेळ लागतो. दोन्ही गोळे सारखे, जघनास्थीची कड सरळ. पुन्हा एमआरआय केला नाही. मुलगा ठणठणीत असताना मगजातली उरलीसुरली सूज शोधून घरच्यांना घाबरवण्यात अर्थ नव्हता.

एक गोष्ट या कागदांत अपुरी राहिली आहे. जंतू अंगात शिरले कुठून? नडगीवरच्या त्या खपलीखालून, असं मला वाटतं. ट्रॉलीवरून उडी मारताना स्नायूला मुका मार बसला, तिथं थोडं रक्त साकळलं, आणि रक्तातून फिरणाऱ्या जंतूंना जागा मिळाली. हा क्रम पायोमायोसायटिसमध्ये अनेकदा दिसतो. पण त्या खपलीखालचा स्वॅब आम्ही पहिल्या दिवशी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा अँटिबायोटिक सुरू होऊन दोन दिवस झाले होते आणि ओरखडा कोरडा पडला होता.